केवळाच्या पोटातला गोळा

“मेलेला माणूस बी बाप व्हायलाय आता,” मागून कुणीतरी म्हणालं. बसलेले पुरुष हसले.

ते हसणं केवळाला झोपडीत ऐकू आलं. ती उताणी पडली होती. तिच्या पोटावर सुईण नर्मदाबाईचे दोन्ही हात होते. बाहेर चिंचेखाली वस्तीचे पाच पंच थांबले होते. नर्मदाबाई काय सांगते, यावर निकाल होता. दिवस गेलेले असले, तर विधवा केवळाने सूर्य मावळायच्या आत वस्ती सोडायची. मग तिला जो पाणी देईल, त्याचंही घर वाळीत. माहेरहून भावाने निरोप धाडला होता, पंचांनी निर्दोष सोडलं तरच इकडची वाट धर.

राणीसावरगावच्या माळावरची ही मेंढपाळांची वस्ती. केवळा पोलिस ॲक्शनच्या साली लग्न होऊन इथे आली. सहा वर्षांनी नवरा पटकीने गेला. त्यालाही आता दोन वर्षं झाली होती. सासरी दोनशे मेंढ्या होत्या. केवळा दिवसभर चातीवर लोकर कातायची. सासू कासाबाई त्या सुताची घोंगडी विणून घ्यायची.

तक्रारही कासाबाईचीच होती.

“चार महिने झाले, बाहेर बसली न्हाई. भाकरीचा वास सोसना. आज सकाळी अर्धी भाकर दिली, ती बी ओकली. भितीची माती उकरून चाटायलीय. हे डोहाळे न्हाईत तर काय हाय? अन पोट तर आंधळ्याला बी दिसंल.”

यातली प्रत्येक गोष्ट खरी होती. केवळाने एकही नाकारली नव्हती. ती एवढंच म्हणत होती, “म्या काई पाप केलं न्हाई.”

नर्मदाबाई हात पुसत बाहेर आली.

“गर्भ खालून वर चढतो. हिचं ओटीपोट रिकामं हाय. गोळा हाय तो वर, फासळ्यांखाली. दगडावानी टणक. ढकलला की सरकतो.”

“मंग हाय तरी काय?” पंचांमधल्या मुंजाजीने विचारलं.

“ते मला ठाव न्हाई. चाळीस वर्षांत असं पोट हाताला लागलं न्हाई.”

“तुला ठाव न्हाई म्हणून काय ती सुटली व्हय?” कासाबाई म्हणाली.

पंच एकमेकांकडे बघू लागले. सूर्य हातभर वर होता. मुंजाजी निकाल बोलायला सावरून बसला.

सगळ्यात म्हातारा पंच येडबा. त्याने मुंजाजीला हाताने थांबवलं.

“नर्मदे, दाबल्यावर दुखतंय का तिला?”

“न्हाई.”

“दोन घासांत पोट भरतं?”

“तसंच म्हणती.”

“तोंडाला वास?”

“लय.”

येडबा उठून झोपडीच्या दाराशी गेला. उंबऱ्याबाहेरच थांबला.

“पोरी, सूत कातताना तोंडात काय घालतीस?”

आत केवळा उठून बसली. येडबा उभाच राहिला.

“लोकर,” आतून आवाज आला.

“गिळतीस?”

“व्हय, मामा.”

“कवापासून?”

“हे गेल्यापासून.”

येडबा पंचांकडे वळला. “दरसाल माझी दोन-तीन कोकरं अशीच जात्यात. पोट फुगतं, काई खाईना होतंय. मेल्यावर चिरलं की आत लोकरीचा गोळा. कवठाएवढा, टणक.”

“माणसाचं पोट हाय ते मामा, मेंढराचं न्हाई,” कासाबाई म्हणाली.

“म्हणून तर डॉक्टर पाह्यजे. जित्तेपणी चिरायचंय. मुंजाजी, बैल जुंप. गंगाखेडाहून आगगाडीनं परभणीला न्यायची, मोठ्या दवाखान्यात. माझं चुकलं असंल तर डॉक्टर सांगंल. मी संगं जातो.”

मुंजाजी उठला. बाकीचे पंचही उठले. मघाशी हसलेले लोक आता बैल आणायला पळाले.

कासाबाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. घराची अब्रू राहिली होती. ती दाराशी जाऊन आत वाकली. तिचा आवाज मऊ झाला होता.

“येडी का खुळी गं तू? लोकर काय खायची चीज हाय?”

केवळाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

कासाबाई हसली आणि येडबाकडे वळली. “पोरींचं काई कळत न्हाई. पण मामा, कोकरं तरी कशापायी खात्यात हो लोकर?”

येडबा पायांत जोडे चढवत होता. तो थांबला. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

“भुकेनं, कासाबाई,” तो म्हणाला. “माय पाजीना झाली की.”