सभासदांपुरतं

मावशी दुकानाचं काचेचं दार कोपरानं ढकलून आत आली. हातात कापलेल्या वेलीचा भारा होता. तो तिनं सरळ भाच्याच्या कीबोर्डवर आदळला.

"कुलूप लावलं होतंस की नव्हतंस?"

भाचा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, लोकांना वेबसाइट बनवून द्यायचा. पक्षीमित्र मंडळाची वेबसाइट त्याच्याकडेच होती. मावशीनंच ते काम त्याला मिळवून दिलं होतं, आणि घरट्यांच्या नकाशाचं पान पासवर्ड घालून बंद कर म्हणून त्याच्या मागे लागली होती तीही मावशीच. कुठलं घरटं कुठे आहे ते फक्त सभासदांना दिसावं, येणाऱ्याजाणाऱ्याला नको. नकाशावरची टिंबं सगळी तिची. बाकीचे वाहवा करण्यापुरते. जन्मभर रात्रपाळीची नर्स होती ती. निवृत्त झाल्यावरही रात्री डोळ्याला डोळा लागेना, तशी घुबडांच्या नादाला लागली. मंडळात पाठीमागे तिला घुबडीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

"लावलंय की मावशी. आजही आहे. झालं काय?"

"पंपघराच्या भिंतीवरची वेल कुणीतरी छाटून टाकली. भोक उघडं पडलं. घुबडाची पिल्लं होती रे आत. कावळ्यांनी..." तिचा आवाज चिरकला. "एक म्हणून ठेवलं नाही."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर मंडळाचे अध्यक्ष बसले होते. रागाच्या भरात तिचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. ते उठून पुढे आले.

"अरेरे! बाहेरची माणसं, दुसरं काय. पासवर्ड आजच बदलून टाकू. चांगला कडक घालू."

"घालाच. आणि ज्यानं हे केलंय तो मला एकदा सापडू दे, मग..."

मग काय, ते राहूनच गेलं. भाचा वेल उचलायला वाकला आणि त्याच्यामागचा स्क्रीन तिला दिसला.

घुबडाची मादी होती. पंख अर्धवट उघडलेले, चोचीत उंदीर, आणि खाली पिल्लांच्या वासलेल्या चोची. पिसन् पीस मोजून घ्यावं इतका स्वच्छ फोटो. वर मंडळाचं नाव, ठळक. वेबसाइटच्या पहिल्या पानावर लावायला आणलेला.

मावशी बघत राहिली. त्या भिंतीसमोर दगडावर बसून तिनं अख्ख्या रात्री काढल्या होत्या. वेलीआडून कधी नखभर पीस दिसायचं, कधी नुसती फुसफूस ऐकू यायची. तेवढ्यावर ती खूश होऊन घरी जायची. पिल्लांची तोंडं ती आज पहिल्यांदा बघत होती.

"मध्ये वेलीचं एक पान नाही," ती म्हणाली.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"कुणी काढला हा?"

"हे बघा मावशी..."

"मी तुमची मावशी नाही. कुणी काढला?"

"मीच. दोन-चार फांद्या बाजूला केल्या, एवढंच. वेल काय, पुन्हा वाढेल. या एका फोटोनं लोकांच्या मनात घुबडांविषयी किती प्रेम..."

"बाजूला केल्या?" तिनं एक फांदी उचलून त्यांच्या नाकासमोर धरली. कात्रीचा तिरका काप पांढराफटक दिसत होता. "ही बाजूला केलेली? वेल वाढेल हो, तिला काय धाड भरलीय! पिल्लं वाढणार आहेत का?"

अध्यक्ष भाच्याकडे वळले. "यांना जरा पाणी द्या."

"पाणी नको मला." तीही भाच्याकडेच वळली. "यांच्याकडे पासवर्ड होता?"

"असणारच ना मावशी. सभासद आहेत ते."

"म्हणजे तुझं कुलूप नीट चाललं होतं."

भाच्यानं वेलीचा भारा टेबलाच्या कडेला ठेवला.

"ऊठ खुर्चीवरून."

तो लगेच उठला नाही. त्याची निम्मी गिऱ्हाइकं अध्यक्षांच्या ओळखीची. त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वेलीकडे. मग उठला, नकाशाचं पान उघडून दिलं आणि खुर्ची तिच्यापुढे सरकवली.

मावशी एका बोटानं पुसायला लागली. नाल्यावरच्या पुलाखालचा खंड्या. टाकीवरची घार. शाळेच्या छपरातली पिंगळ्यांची जोडी. नक्की पुसायचं का, असं मशीन दर वेळी विचारायचं, आणि ती दर वेळी मोठ्यानं "हो" म्हणून बटण दाबायची.

"अहो, ही मंडळाची मालमत्ता आहे!" अध्यक्षांचा आवाज चढला. "उद्या तुम्ही नसाल, तेव्हा हे सगळं कुणाला कळणार?"

तिचं बोट थांबलं. बोलणं खोटं नव्हतं, आणि ते या माणसाच्या तोंडून यावं याचा तिला जास्तच संताप आला.

"कळूच नये कुणाला," ती म्हणाली आणि बटण दाबलं. "हो!"

"कार्यकारिणीसमोर बोलू आपण," अध्यक्ष म्हणाले. दार आपटून ते गेले. काच बराच वेळ थरथरत राहिली.

शेवटचं टिंब गेलं. नकाशावर नुसते रस्ते उरले. मावशीचे हात मांडीवर पडले होते. भाच्यानं पाण्याचा ग्लास आणून शेजारी ठेवला, मग कीबोर्डमध्ये अडकलेली पानं एकेक करून काढत बसला.

"मावशी, पान तर रिकामं झालं," तो जपून म्हणाला. "पासवर्ड काढून टाकू का?"

"काढू नकोस. राहू दे," मावशी म्हणाली. "बसू देत मेले, किल्ल्या खुळखुळवत."