डॉक्टरांचा तिसरा सवाल

सोजरबाई आठवड्यात दोनदा वरणात मीठ घालायला विसरल्या आणि एकदा तापी नदीवरून येताना घराकडचं, लोधीपुऱ्याचं, वळण चुकल्या. एवढ्यावरून त्यांचा मुलगा लीलाधर डॉक्टरला घरी घेऊन आला. वेड्यांच्या इस्पितळात धाडायचा इंग्रजी कागद डॉक्टरांच्या मांडीवर तयारच होता. तान्ह्याला घेऊन दाराशी उभ्या असलेल्या सुनेची, सुलभाची, नजर त्या कागदावरून हलेना.

"आज वार कोणता, बाई?"

"गुरुवार. उपास हाये ना माझा."

"मुलं किती?"

"चार झाली. दोन ऱ्हायली."

"नवऱ्याचं नाव?"

सोजरबाईंनी समोर खाटेवर बसलेल्या आपल्या धन्याकडे पाहिलं, पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी तीनदा विचारलं. ओठ मिटलेलेच.

"समोरचा नवराही आठवत नाही! सगळंच गेलं," म्हणत डॉक्टरांनी टाक दौतीत बुडवला.

सुलभा तान्ह्याला घेऊन तरातरा पुढे आली.

"थांबा, डॉक्टरसाहेब! आत्याबाई मीठ विसरतात, रीत नाही विसरल्या. आधी घरी जा आणि हाच सवाल तुमच्या बाईसाहेबांना करा. त्याही गप्प बसल्या, तर दोघींना एकाच टांग्यातून धाडा!"