तेच, पण वेगळं

बिलिंग्जच्या बंदूक-प्रदर्शनातून माझा नवरा लायल शीळ घालतच घरी आला, तेव्हाच मी काय ते समजले. बुटांचा चिखलही न झाडता त्यानं ओट्यावर रिव्हॉल्व्हर ठेवलं.

"अरे, पुन्हा तेच?"

"तेच कुठे, व्हर्ना? मॉडेल तेच आहे फक्त. एक नेमबाजीला, एक शेतातल्या सापांसाठी, बाकीची जपून ठेवायला. यांच्या किमती वाढतच जातात. हा खर्च नाही गं, बचत आहे बचत!"

"मग कपाटात एकूण किती बचत झाली आपली?"

"मोजायची नाही. मोजली की मजा जाते."

हा त्याचा जुना नियम. पूर्वी त्यावरून मी भांडायचे, हल्ली भांडत नाही.

"ही मूठ बघ," तो लाडानं म्हणाला. "अक्रोडाचं लाकूड, आणि त्यावर चंद्रकोरीसारखा ओरखडा. आपल्याकडे असं एकही नाही!"

खरंच नव्हतं. तो ओरखडा मी पाहताक्षणी ओळखला. वसंतात कपाटातून काढताना माझ्याच हातून ते याच ओट्याच्या कडेवर आपटलं होतं.

"केवढ्याला पडलं?"

"नऊशे डॉलर. विकणारा म्हातारा हजाराच्या खाली येईना, पण मी सोडतोय होय!"

मी माझ्या नव्या डिशवॉशरला टेकून उभी राहिले. मला त्या मेल्या म्हाताऱ्यानं चारशेच टेकवले होते.