ओढ्यापलीकडचं दुकान

"बँक कुठे कर्ज देते, ती फाइल हवी," काउंटरवर पर्स ठेवत व्हर्लीनबाई टब्ज म्हणाल्या. "कोणीही मागितली तर दाखवावी लागते, ती."

काउंटरमागच्या जोलीनने वळून आत पाहिलं. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातल्या या छोट्या बँकेत ती सहा वर्षं होती. फाइल आजवर कोणी मागितली नव्हती. अध्यक्ष हॉलिस प्रुइट स्वतःच ती घेऊन बाहेर आला.

"मिस व्हर्लीन, अहो, सरकारी कागद आहेत सगळे. झोप येईल तुम्हाला."

"येऊ दे की. सदुसष्टाव्या वर्षी झोप कुठे मिळते!"

त्यांनी सरळ नकाशाचं पान काढलं. बँक जिथे कर्ज देते त्या भागाभोवती निळी रेघ होती. ती ओढ्याच्या काठाकाठाने गेली होती. पलीकडे गम रिज गाव, आणि तिथलं एकमेव वाणसामानाचं दुकान व्हर्लीनबाईंचं. जुना फ्रिज या उन्हाळ्यात दोनदा बंद पडला. गावाला दुधासाठी एकवीस मैल जावं लागलं. नव्यासाठी केलेला कर्जाचा अर्ज दोनदा एकाच शेऱ्यानिशी परत आला होता : हद्दीबाहेर.

"ही रेघ कोणी काढली?"

"वडिलांनी. ओढा आहे, म्हणून सोयीचं पडतं."

"नियमात जनगणनेचा विभाग अख्खा घ्यायचा असतो. अर्धा कापता येत नाही. आणि हा विभाग ओढ्याशी संपत नाही, बंधाऱ्यापर्यंत जातो."

"कोणी सांगितलं?"

"मागच्या जनगणनेला दारोदार मीच फिरले ना! पलीकडे एकशे बारा घरं. दोन कुत्री चावली."

जोलीन हसली आणि हॉलिसकडे पाहून पावत्या चाळू लागली.

व्हर्लीनबाईंनी पर्समधून एक लिफाफा काढला. "हे माझं पत्र. फाइलला लाव. लोकांची पत्रं काढून टाकता येत नाहीत, तेही नियमातच आहे. ही फाइल बघायला सरकारी तपासनीस मंगळवारी येतायत ना?"

हॉलिसने पत्र वाचलं. सात ओळी. विभागाचा क्रमांक, नियमाचं कलम, घरांची संख्या. तक्रारीचा एक शब्द नाही.

"आधी माझ्याशी बोलला असतात तर..."

"दोनदा बोलले. तू म्हणालास, ओढ्यापलीकडे आम्ही येत नाही. लहानपणी माझ्या दुकानात बर्फाचा गोळा खायला रोज यायचास. तेव्हा बरा दिसायचा पूल!"

हॉलिसचे कान लाल झाले. त्याने नकाशा स्वतःकडे ओढला.

"जोलीन, पेन्सिल दे."

"पेन दे गं त्याला," व्हर्लीनबाई म्हणाल्या.

पेनाची रेघ ओढा ओलांडून गेली. बंधाऱ्याशी पोचेपर्यंत व्हर्लीनबाईंचं बोट तिच्यापुढे सरकत होतं. मग त्यांनी समोरची खुर्ची ओढली, बसल्या, आणि चष्मा पुसत म्हणाल्या,

"हं. आता माझा अर्ज काढ. आत आलाय तो."