पाचवा दिवा

चावी अर्धी फिरली आणि मीटरवरचे दिवे एकदम पेटले, तसा रविराज सीटवर दचकून मागं सरकला.

“मिस्त्री, आवं ह्ये समदं लाल झालं की! इंजिन नवं हाय ना?”

“पेटायलाच पायजेत,” जोतीराम मिस्त्री चिंधीला हात पुसत म्हणाला. “चालू झालं की इझत्यात. घाई नगं.”

जळोचीच्या गॅरेजपुढं सांगवीची ती पिकअप उभी होती. बॉनेटवर हळदकुंकू, चाकाखाली लिंबू आणि पोटात कालच बसवलेलं इंजिन. दोन वर्षं ही गाडी मनिषानं चालवली होती. पहाटे मेथी-कोथिंबीर घेऊन बारामतीची मंडई, दुपारी डाळिंबाचे क्रेट घेऊन इंदापूर. आज मात्र चावी धाकट्या दिराच्या हातात आणि ती खिडकीबाहेर. दिराचं लायसन एक महिन्याचं. मोटारसायकल त्यानं दोनदा उसात घातलेली. पण जुनं इंजिन काही त्याच्या हातून जळलं नव्हतं, आणि तो बाई नव्हता. तेवढ्यावर सासऱ्यांनी, म्हस्कू तात्यांनी, निकाल देऊन टाकला होता.

मनिषाच्या हातात गाडीबरोबर आलेलं पुस्तक होतं. गाडी बंद पडल्यापासून तिनं ते पानन् पान वाचलं होतं. आळ आलेल्या माणसाला दुसरं कामही नसतं. तिनं चित्रातले दिवे बघितले आणि मीटरवरचे मोजले. बॅटरीचा, हँडब्रेकचा, पट्ट्याचा, इंजिनाचा. चार. पुस्तकात पाच होते.

“मिस्त्री, तेलाचा दिवा कुठाय? किटलीवानी चित्र असतंय त्यो.”

मिस्त्री पुसलेले हात पुन्हा पुसायला लागला.

“वैनी, त्यो पेटला न्हाय म्हंजी तेल बेस हाय,” रविराज म्हणाला.

“न्हाय भावजी. चावी फिरवली की त्यो पेटलाच पायजे. चालू झाल्यावर इझला, तर तेल बेस. पेटलाच न्हाय तर आपल्याला कळायचं कसं?”

“मुहूर्त टळाय लागलाय,” तात्या मागून गरजले. “रव्या, मार स्टार्टर.”

“मारू नका!” मनिषानं खिडकीतून हात घालून चावीच धरली.

चित्रात तो दिवा डाव्या कोपऱ्यात होता. गाडीत त्या जागी बिरोबा होता. रुपयाएवढं गोल स्टिकर. गाडी घेतली त्याच आठवड्यात तात्यांनी जत्रेतून आणून मीटरच्या काचेवर चिकटवलेलं. चालवणाऱ्याची पहिली नजर देवावर पडावी म्हणून. मनिषा रोज त्याला हात जोडूनच निघायची.

तिनं आताही हात जोडले. मग नखानं कड उचलली.

“ए! देवाला हात लावू नगं!” तात्या ओरडले.

स्टिकर निघालं. त्याच्याखाली तेलाचा दिवा पेटलेला होता, लालभडक.

मनिषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निमगाव केतकीच्या अलीकडं इंजिन खडखडलं आणि धूर टाकून बसलं, तेव्हा रस्त्यावर तेलाची धार लागली होती. ‘एवढं तेल गळतंय आन् हिला दिसलं न्हाय,’ असं तात्या तेव्हा म्हणाले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

“त्या दिवशीबी ह्यो पेटलाच असणार, तात्या,” ती म्हणाली. “तुमी लावलेल्या स्टिकरमागं पेटला. मला दिसावा कसा?”

तात्या मिस्त्रीकडं बघायला लागले. मिस्त्री जमिनीकडं.

“जोतीरामभाऊ, तुमाला ठावं व्हतं?” मनिषानं विचारलं.

“जुनं इंजिन उतरवलं तवाच ध्यानात आलं, ताई,” तो पुटपुटला. “पर तात्यांच्या हातचा देव. थोरल्या माणसाला आपुन कसं सांगायचं?”

“आन् माझ्यावर आळ घेताना कुणाला जड गेलं न्हाय!”

रविराज खाली उतरला. चावी त्यानं तशीच राहू दिली. मनिषा आत बसली. स्टिकर तिनं पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात नीट चिकटवलं आणि स्टार्टर मारला. इंजिननं एक हिसका दिला, खोकलं आणि सुरू झालं. ती तेलाच्या दिव्याकडंच बघत होती. एक, दोन, तीन, चार. दिवा विझला. बॅटरीचा आणि इंजिनाचाही विझला. इंजिनाचा आवाज कसा एकसारखा लागला होता.

“झालं! गंगेत घोडं न्हालं,” तात्यांनी मोठा श्वास सोडला. मग खिडकीशी येऊन त्यांनी आवाज खाली आणला. “जाऊ दे पोरी. झालं गेलं, घरच्या घरात मिटवू.”

“घरच्या घरात?” मनिषा म्हणाली. “तुमी मंडईत गाळ्यागाळ्यावर सांगत हिंडला, सुनेनं इंजिन जाळलं म्हणून. सोनबा आडत्यानं चार माणसांत मला इचारलं, बाई, चूल सोडून गाडीवर कशाला बसलीस? सांगितलं मंडईत, आन् मिटवायचं घरात व्हय?”

तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

मनिषा वाकली आणि तिनं आतून डाव्या बाजूचं दार उघडलं.

“बसा. आत्ता समदे गाळ्यावर असतील. जसं तवा सांगितलं, तसंच आता सांगायचं. मी शेजारी हुबी ऱ्हाते.”

तात्या जागचे हलले नाहीत. मनिषानं दार लावून घेतलं नाही, आणि इंजिनही बंद केलं नाही.