दोन रामेश्वर

विजयदुर्गच्या बंदर कार्यालयातल्या गोगट्यांच्या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. आम्ही दोघांनीही आपापल्या कार्यालयातल्या संगणकाला ग्रामदेवतेचं नाव दिलं होतं: रामेश्वर. एकानं बदलावं, अशी त्यांची विनंती. पण देवळात कौल न घेता देवाचं नाव पुसायला मी घाबरलो. आज त्यांच्यासाठीचा वादळाचा इशारा माझ्याकडे, मालवणला आला. फोन लागेना. संदेश पुढे पाठवला, तर रामेश्वर म्हणजे आपणच समजून संगणकानं तो मलाच परत दिला. नाव बदलण्याआधी कौल घ्यावा, म्हणून मी देवळाकडे जायला उठलो. शिपाई सत्यवती ओरडली, “अप्पा, तुमी कौल लावीत बसा, थंय माणसा दर्यात जातत!” मनातच देवाला गाऱ्हाणं घालून ‘रामेश्वर’ खोडलं, ‘मालवण’ लिहिलं, यंत्र पुन्हा चालू केलं. पडदा काळाच राहिला. मग ‘मालवण’ उमटलं. इशारा गेला. ‘होड्या थांबवल्या,’ त्यांचं उत्तर लगेच आलं. माझं, वर्षाच्या उशिरानं, पोस्टकार्डावर लिहून टपालपेटीत टाकलं.