अकरा एकांची संख्या

सन १८३८, जून महिन्यातील दुसरा सोमवार, सकाळचे दहा. स्थळ, ट्रान्सिल्व्हेनियात मारोश नदीच्या काठी असलेल्या एका विद्यालयाचे परीक्षादालन. आकोश सिल्वाशी हा विद्यार्थी फळ्यापुढे उभा होता आणि संतापाने त्याचे कान तापले होते. फळ्यावर एकच संख्या होती : ११,११,११,११,१११.

"ही मूळ संख्या आहे!" प्राध्यापक बोदोलाय गरजले. "माझ्या तक्त्यातल्या मूळ संख्यांनी भागून मी ते सिद्ध केलंय. आणि हे पंडित म्हणतात, हिला २१,६४९ ने भाग जातो! दाखव, कुठे आहे तो तक्त्यात?"

"तक्त्यात नाही, गुरुवर्य."

"मग कुठून आणलास? आठवड्याच्या बाजारातून?"

दोन्ही सहपरीक्षक हसले. नापास होणाऱ्याने अंगावरचा काळा डगला तेथेच उतरवायचा आणि दिवस मावळण्याच्या आत विद्यालय सोडायचे, असा येथील नियम होता.

आकोशने तक्ता उघडलाच नव्हता. या संख्येच्या कोणत्याही मूळ भाजकाला बावीसने भागले असता बाकी एकच उरते, हे त्याने आधी सिद्ध केले; मग तशा संख्या ओळीने तपासल्या. तीन आठवडे तो भागाकार करीत होता. नऊशे चौऱ्याऐंशीव्या संख्येने भाग निःशेष गेला.

"एकदा भागून तर पाहा," तो म्हणाला.

"तुझ्या अडाणीपणापायी मी खडू झिजवू? डगला काढ!"

"काढतो! पण आधी भागा! शिव्या काय, नंतरही देता येतील!"

बोदोलाय ताडकन उठले. खडू दोनदा मोडला. भागाकार ५,१३,२३९, बाकी शून्य. त्यांनी सारे पुसून पुन्हा भागले. शून्यच. मग त्यांनी तक्ता उघडला. २१,६४७ च्या खाली थेट २१,६६१ होते. मधली मूळ संख्या तक्ता करताना त्यांच्याच हातून गळाली होती.

"उत्तीर्ण," ते पुटपुटले.

आकोश मान न लववताच दाराकडे वळला.

"थांब. अकरा वर्षांपूर्वी लेओर्दी नावाच्या विद्यार्थ्याने हाच भाजक आणला होता. तोही असाच ओरडला होता, भागा म्हणून. मी भागलं नाही."

बोदोलाय निकाल लिहिणाऱ्या लेखनिकाकडे वळले.

"लिहा. लेओर्दी उत्तीर्ण होता."